ज्या धुराला दाम नाही

कोक भट्टीबाहेर येतो तेव्हा लालबुंद असतो, तापमान सुमारे हजार अंश सेल्सियस. उघड्या हवेत तसाच राहू दिला तर जळून जाईल, म्हणून तो लगेच विझवावा लागतो. जुनी पद्धत सोपी आहे. कोकने भरलेली वाघीण एका मनोऱ्याखाली न्यायची आणि वरून पाण्याचा मारा करायचा. पांढऱ्या वाफेचा प्रचंड लोट आकाशात चढतो आणि त्याच्याबरोबर कोकची बारीक पूड, फिनॉल, गंधकाची संयुगे आसपासच्या वस्तीवर उतरतात. कोळसा तापवायला खर्ची घातलेली उष्णताही त्याच वाफेतून निघून जाते. दुसरी पद्धत कोरडी. लाल कोक बंद कोठीत सोडतात आणि त्यातून नायट्रोजन फिरवतात. कोक दोनशे अंशांच्या आसपास निवतो, तापलेला नायट्रोजन बॉयलरला उष्णता देतो, बॉयलरच्या वाफेवर वीज तयार होते. वाफेचा लोट उठत नाही, पूड धूळ पकडणाऱ्या यंत्रात अडकते आणि कारखान्याचे विजेचे बिल उतरते.

या कोरड्या पद्धतीने जेवढ्या सीमा ओलांडल्या तेवढ्या पोलाद उद्योगातल्या फार थोड्या तंत्रांनी ओलांडल्या असतील. सुरुवात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वित्झर्लंडमध्ये झाली. मोठ्या कारखान्यांना झेपेल असे रूप तिला सोव्हिएत संघातल्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकात दिले. कडाक्याच्या हिवाळ्यात पाण्याने कोक विझवणे त्यांना जड जात होते. १९७३ च्या तेलसंकटाने जपान हादरला आणि ऐन शीतयुद्धात जपानी पोलाद कंपन्यांनी हे सोव्हिएत तंत्र विकत घेतले. १९७६ मध्ये ते यावाता इथल्या कारखान्यात चालू झाले. जपानने ते सुधारले, मोठे केले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानी सरकारच्या नेडो या संस्थेने बीजिंगच्या शौगांग कारखान्यात त्याचा नमुना-प्रकल्प उभा करून दिला. आज अशा कोठ्या जगात सर्वाधिक चीनमध्येच आहेत. भारतात हे तंत्र दोन वाटांनी आले. विशाखापट्टणमच्या कारखान्यात ते सोव्हिएत सहकार्यातून उभारणीपासूनच होते, आणि जमशेदपूरला नेडोच्या नमुना-प्रकल्पातून ते जपानी रूपात पोचले. शीतयुद्धात विरोधी गटांत असलेल्या देशांमध्येही कोक विझवण्याची रीत हातोहात फिरली.

ती इतकी सहज का फिरली, या प्रश्नाचे उत्तर मला या विषयाची गुरुकिल्ली वाटते. या धुरात उष्णता होती आणि उष्णतेला दाम होता. पोलाद कारखान्यांच्या धुराबाबत देशादेशांत जे सहकार्य गेल्या पन्नास वर्षांत खरोखर फळाला आले, ते बहुतेक दाम असलेल्या धुराचे आहे. ज्या धुरातून काही परत मिळत नाही, उलट तो अडवायला पैसे मोजावे लागतात, तिथे नुसते यंत्र परदेशातून आणून भागत नाही. तिथे यंत्राबरोबर मोजणी, कायदा आणि तक्रार करणारे नागरिक लागतात. या गोष्टी जहाजातून येत नाहीत. पण त्यांचे सहकार्य होऊ शकते आणि काही ठिकाणी झाले आहे. दुर्दैवाने आंतरराष्ट्रीय करारांच्या यादीत त्याला शेवटची जागा मिळते.

दाम असलेल्या धुराचे आणखी एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९५२ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे शुद्ध ऑक्सिजन फुंकून पोलाद करण्याची नवी भट्टी सुरू झाली. तिने जगभरातल्या जुन्या भट्ट्या मोडीत काढल्या. आशियात यावातापाठोपाठ, जर्मन मदतीने उभ्या राहिलेल्या आपल्या राउरकेल्यानेही ती लवकर आणली. वीस-पंचवीस मिनिटांत पोलादाचा घाणा उतरायचा, पण ऑक्सिजनच्या झोतासरशी वितळलेल्या लोखंडातून दाट तांबूस धूर उसळायचा. तो म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड, श्वासाबरोबर खोलवर जाणारी. यावाताच्या अभियंत्यांनी १९६२ मध्ये भट्टीच्या तोंडावर असे झाकण बसवले की आतला वायू बाहेरच्या हवेशी मिसळून पेटण्याआधीच ओढून घेता येईल. तो वायू बहुतांशी कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणजे चक्क इंधन. धुतलेल्या धुळीतले लोह पुन्हा वापरता येते. तांबडा धूर नाहीसा झाला आणि कारखान्याला इंधन मिळाले. या रचनेचे परवाने पुढे अनेक देशांत गेले. कोणाला आग्रह करावा लागला नाही, कारण हिशेबवही स्वतःच आग्रह करत होती.

आता त्याच कारखान्यातल्या सिंटर विभागाकडे वळू. बारीक लोहखनिज झोतभट्टीत तसेच टाकता येत नाही, हवा जायला जागा राहत नाही. म्हणून खनिजाचा चुरा, कोकचा चुरा आणि चुनखडी मिसळून एका लांब फिरत्या जाळीवर भाजतात आणि त्याची ढेकळे करतात. एकात्मिक पोलाद कारखान्यातली धूळ, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा मोठा वाटा इथूनच बाहेर पडतो. डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्येही इथेच तयार होतात. पण हा वायू प्रचंड प्रमाणात आणि पातळ असतो. त्यातली उष्णता फारशी कामाची नाही, त्यातले गंधक वेगळे काढले तर हाती जिप्सम येते आणि त्याला मातीमोल भाव मिळतो. हा धूर धुवायला भांडवल लागते, वीज लागते, चुना लागतो आणि बदल्यात कारखान्याला काहीच मिळत नाही. मिळते ते भिंतीपलीकडच्या लोकांना, ज्यांचे नाव हिशेबवहीत कुठेच नसते.

या धुराने सीमा कशी ओलांडली, तेही पाहायला हवे. तोक्योजवळच्या चिबा शहरात कावासाकी स्टीलच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या दमेकऱ्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी १९७५ मध्ये कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कारखान्याचा विस्तार थांबावा आणि आजाराची भरपाई मिळावी, ही त्यांची मागणी होती. त्याच सुमारास कंपनीने नवा सिंटर कारखाना फिलिपीन्सच्या मिंदानाव बेटावर, मिसामिस ओरिएंताल प्रांतात उभारायला घेतला आणि १९७७ मध्ये तो चालू झाला. खनिज परदेशातून मिंदानावला उतरायचे, तिथे भाजले जायचे, आणि तयार सिंटर जहाजाने जपानला जायचा. पोलादनिर्मितीचा सर्वांत धुरकट टप्पा तेवढा समुद्रापलीकडे गेला. दोन्ही देशांतल्या टीकाकारांनी याला प्रदूषणाची निर्यात म्हटले आणि ती टीका मला अवाजवी वाटत नाही. चिबाच्या लोकांना १९८८ मध्ये न्यायालयाने भरपाई मंजूर केली, १९९२ मध्ये तडजोड झाली. मिंदानावच्या लोकांच्या हाती असे न्यायालय, अशा नोंदी, असे वकील त्या काळात नव्हते. फिलिपीन्समध्ये तेव्हा लष्करी कायदा लागू होता. कंपनी तीच, अभियंते त्याच देशाचे, तंत्रज्ञान तेच. फरक फक्त भिंतीपलीकडे कोण राहते आणि त्याला काय विचारता येते, एवढाच होता.

म्हणून जपानच्याच किताक्यूशू शहराची कथा जरा सावकाश सांगायला हवी. यावाता हे त्या शहराचे एक अंग. १९०१ मध्ये तिथे सरकारी पोलाद कारखाना सुरू झाला, तोही जर्मन आराखड्यावर आणि बऱ्याच अंशी चिनी खनिजावर. १९६३ मध्ये पाच शहरे एकत्र येऊन किताक्यूशू शहर झाले, तोवर तिथल्या धुराला प्रगतीचे निशाण मानले जात होते. १९६५ मध्ये शिरोयामा भागात आकाशातून पडणारी धूळ मोजली तेव्हा ती महिन्याला दर चौरस किलोमीटरमागे सरासरी ऐंशी टन भरली, जपानमधली सर्वाधिक. शेजारच्या दोकाई उपसागरातला प्राणवायू इतका संपला होता की लोक त्याला मेलेला समुद्र म्हणत. या धुराविरुद्ध पहिली संघटित हाक दिली ती तोबाता भागातल्या गृहिणींनी. त्यांचे नवरे त्याच कारखान्यांत कामाला होते, तेव्हा ही हाक सोपी नव्हती. त्यांनी घोषणांच्या आधी मोजणी केली. वेगवेगळ्या ठिकाणी पेट्या ठेवून धूळ गोळा केली, वाळत घातलेले कापड किती काळवंडते याच्या नोंदी ठेवल्या, शाळेतली गैरहजेरी आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड यांचा मेळ घातला. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाकडून हवा कशी तपासायची ते शिकून घेतले. १९६५ मध्ये त्यांनी स्वतःच एक लघुपट काढला. ‘आम्हाला निळे आकाश हवे’ अशा अर्थाचे त्याचे नाव होते. वर्तमानपत्रांनी तो उचलला, नगरपालिकेला हलावे लागले आणि कारखान्यांना बोलणी करावी लागली.

पुढे जे घडले त्याचा तपशील आपल्या कामाचा आहे. १९७० च्या दशकात नगरपालिकेने डझनावारी कारखान्यांशी एकेक करून प्रदूषण-नियंत्रणाचे करार केले. राष्ट्रीय कायद्यापेक्षा ते कडक होते. हवेचे आकडे एका केंद्रात सतत येऊ लागले आणि आकडा चढला की कारखान्यांना इंधन बदलण्याचा निरोप जाऊ लागला. १९७२ ते १९९१ या काळात सार्वजनिक आणि खासगी मिळून सुमारे आठशे अब्ज येन खर्च झाले. यावाता कारखान्यातून १९७० मध्ये साडेसत्तावीस हजार टन गंधकाची ऑक्साइडे बाहेर पडत होती, १९९० मध्ये ती सहाशे टनांच्या आसपास आली. शहराच्या स्वतःच्या विश्लेषणानुसार या घटीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग इंधन बदलल्याने आणि ऊर्जा वाचवल्याने झाला, आणि चौथाई भाग चिमणीच्या टोकाशी बसवलेल्या यंत्रांनी साधला. माझ्या दोन प्रकारच्या धुरांचे हे जवळजवळ प्रमाणच आहे. त्यातली बचत कारखान्यांना आधीही दिसत होती. तरीही गृहिणी बोलू लागेपर्यंत आणि नगरपालिका करार घेऊन दारात येईपर्यंत कोणी ती उचलली नाही. दाम असलेला धूरसुद्धा पुष्कळदा दाब आल्यावरच हिशेबात दिसू लागतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. त्याच वीस वर्षांत यावाताचे महत्त्वही घटले. जुन्या भट्ट्या बंद झाल्या, उत्पादन जपानच्या इतर बंदरांवरच्या नव्या कारखान्यांकडे गेले. मग हवा सुधारली ती धोरणाने की मंदीने? उत्तर आकड्यांतच आहे. उत्पादन घटले, पण उत्सर्जन सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक घटले. एवढी घट फक्त भट्ट्या विझवून होत नाही, ती होण्यासाठी उरलेल्या भट्ट्या वेगळ्या रीतीने चालवाव्या लागतात.

किताक्यूशूने हा अनुभव बाहेर न्यायचे ठरवले. १९७९ मध्ये त्या शहराने चीनच्या दालियान शहराशी मैत्रीचा करार केला. १९८० मध्ये परदेशी तंत्रज्ञांना शिकवण्यासाठी शहरात एक संस्था उभी राहिली आणि कारखान्यांतले निवृत्त अभियंते, फोरमन तिथे शिकवू लागले. १९८१ मध्ये दालियानमध्ये प्रदूषण-व्यवस्थापनाचे वर्ग झाले. १९९३ मध्ये किताक्यूशूने दालियानला पर्यावरणाचे आदर्श क्षेत्र करण्याची सूचना मांडली. १९९६ पासून जपानच्या जायका संस्थेने तिथे सविस्तर पाहणी केली आणि पुढे जपानी कर्जातून कारखान्यांची सुधारणा झाली. २०१२ नंतर सेनकाकू बेटांच्या मालकीवरून दोन्ही देशांचे संबंध ताणले गेले, तरी २०१४ पासून किताक्यूशूचे लोक शांघाय, त्यानजिन, वुहान आणि दालियानबरोबरच तांगशान आणि हानदान या पोलादी शहरांशीही सूक्ष्म धुळीच्या प्रश्नावर काम करत राहिले. दोन राजधान्या एकमेकींशी बोलत नसताना दोन नगरपालिका बोलत राहिल्या, ही या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. किताक्यूशूच्या लोकांना हे काम फक्त परोपकाराचे नव्हते हेही नमूद करायला हवे. पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर चीनची सूक्ष्म धूळ त्यांच्याच आकाशात येत होती.

यावर दुसरा आक्षेप असा की दालियानची हवा सुधारली ती कारखाने शहराबाहेर हलवल्यामुळे, आणि बीजिंगची सुधारली ती शौगांगला तांगशानजवळच्या साओफेइद्यान बंदरावर पाठवल्यामुळे. बीजिंगमधला जुना कारखाना २०१० च्या अखेरीस पूर्ण थांबला. मग मिंदानावमध्ये जे घडले तेच देशांतर्गत घडले, असे म्हणायचे का? बऱ्याच अंशी होय. साओफेइद्यानचा कारखाना जुन्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होता, पण तांगशानमध्ये आधीपासून असलेले डझनावारी कारखाने तसेच धुरत होते आणि त्यांच्याकडे बीजिंगसारखे ऑलिंपिकच्या निमित्ताने बघणारे जग नव्हते. स्थलांतराने धूर संपत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो, जोवर नव्या पत्त्यावरही तोच नियम लागू होत नाही.

तो नियम चीनमध्ये २०१९ साली आला. एप्रिलमध्ये पर्यावरण मंत्रालयाने इतर मंत्रालयांसह पोलाद उद्योगाला अतिअल्प उत्सर्जनाच्या मर्यादा घालून दिल्या. सिंटरच्या धुरात एका घनमीटरमागे धूळ १० मिलिग्रॅम, सल्फर डायऑक्साइड ३५ आणि नायट्रोजन ऑक्साइडे ५०, यापेक्षा अधिक नको. जगातल्या सर्वांत कडक मर्यादांत त्यांची गणना होते. पण आकडे लिहिणे सोपे असते, त्यामागची व्यवस्था अधिक महत्त्वाची आहे. कारखान्यांना उत्सर्जनानुसार श्रेणी दिली गेली. हिवाळ्यात हवा बिघडली की उत्पादन थांबवण्याचे आदेश निघतात, त्यातून पहिल्या श्रेणीच्या कारखान्यांना सूट मिळते. काही प्रांतांत विजेचा दरही श्रेणीनुसार कमी-जास्त झाला. ज्या धुराला दाम नव्हता त्याला सरकारने दाम लावला. स्वच्छ कारखाना अधिक दिवस चालला तर सिंटरचा वायू धुण्याचा खर्च निघून येतो, हे मालकांना कळले. आणि मग परदेशी तंत्रांना गिऱ्हाईक मिळाले. सक्रिय कोकच्या थरातून धूर गाळून गंधक, नायट्रोजन ऑक्साइडे आणि डायॉक्सिन एकत्रच पकडण्याचे जपानी तंत्र शान्शी प्रांतातल्या थायुआनमध्ये २०१० सुमारासच आले होते. नियम कडक झाल्यावर तशा रचना चिनी कंपन्या स्वतः करू लागल्या. तंत्र आधी येऊन थांबले होते, नियमाने त्याला चालते केले.

या कथेला काळी बाजू आहे. मार्च २०२१ मध्ये खुद्द पर्यावरण मंत्र्यांनी तांगशानमध्ये अचानक तपासणी केली, तेव्हा चार कारखाने निर्बंध मोडून चालत असल्याचे आणि नोंदी खोट्या केल्याचे उघड झाले. इतकी कडक मर्यादा, महागडी यंत्रे, सतत मोजणारी उपकरणे, सगळे असूनही. मंत्र्याला स्वतः जावे लागले, कारण तोबातातल्यासारख्या स्वतः धूळ मोजून वर्तमानपत्रात देणाऱ्या बायका तिथे नव्हत्या. चीनने मोजणी आणि दाम या दोन गोष्टी साधल्या. तिसरी, नागरिकांची, तिथे अपुरी राहिली. केंद्राचे लक्ष हलले की व्यवस्था ढिली पडण्याचा धोका त्यातूनच येतो.

भारतासाठी हा प्रश्न पुढच्या काही वर्षांचा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत वर्षाला तीस कोटी टन क्षमतेचे लक्ष्य ठेवले. म्हणजे त्यातल्या बऱ्याच भट्ट्या आज उभ्याच नाहीत. विकास आधी, सफाई नंतर, हा युक्तिवाद इथे नेहमी केला जातो आणि त्यात एक न्याय्य तक्रारही आहे. श्रीमंत देशांनी शंभर वर्षे धूर ओकून संपत्ती केली आणि आता नव्याने उभे राहणाऱ्यांवर अटी घालतात. तक्रार खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. धूर अडवण्याची यंत्रणा आराखड्यातच घातली तर खर्च कमी येतो, चालत्या कारखान्यात मागाहून घुसवली तर जागा नसते, उत्पादन थांबते आणि खर्च फुगतो. उशिरा येणाऱ्याला हा एक खरा फायदा असतो. शिवाय आठशे अब्ज येनांच्या हिशेबात शिरोयामाच्या मुलांची फुप्फुसे धरलेली नाहीत. त्या मुलांनी काय सोसायचे हे ठरवणाऱ्या बैठकीला ती मुले नव्हती, आणि ओडिशात किंवा छत्तीसगडमध्येही नसतात.

दुसरा युक्तिवाद अलीकडचा आहे : आता सगळ्यांचे लक्ष कार्बनकडे आहे, पोलाद हायड्रोजनवर होऊ लागले की कोक आणि सिंटर दोन्ही आपोआप सुटतील, तेव्हा धुळीचा वेगळा विचार कशाला? भारत आणि स्वीडन यांनी २०१९ मध्ये जड उद्योगांच्या संक्रमणासाठी एकत्र गट स्थापन केला, युरोपीय संघाने आयात पोलादावर कार्बनचा भार लावायची व्यवस्था आणली, भारताने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सुटले तर पोलाद हरित, आणि त्यातही तारे. हे सर्व आवश्यक आहे. पण या व्याख्येत धूळ, गंधक, बेंझीन यांचा एक ग्रॅमही मोजला जात नाही. एखाद्या कारखान्याला हरित तारा मिळू शकतो आणि त्याच्या कोकभट्टीचे दरवाजे गळत राहू शकतात. हायड्रोजनवरच्या भट्ट्या येतीलही, पण आज बांधली जाणारी झोतभट्टी पुढली कित्येक दशके धगधगणार आहे. तिच्या शेजाऱ्यांना श्वास आज घ्यायचा आहे.

भारत आणि जपान यांच्या पोलाद उद्योगांच्या संयुक्त बैठका २०११ पासून होत आहेत आणि भारतीय कारखान्यांना कोणती तंत्रे योग्य, याच्या याद्या तयार झाल्या आहेत. त्या याद्यांत भर असतो ऊर्जा वाचवणाऱ्या तंत्रांवर, म्हणजे दाम असलेल्या धुरावर. यावर कोणी म्हणेल की हे सहकार्य म्हणजे जपानी यंत्रांची विक्री. विक्री आहेच, त्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि जमशेदपूरचा कोक कोरडा विझला तर जमशेदपूरच्या हवेला विक्रेत्याचा हेतू काय होता याने फरक पडत नाही. माझी अडचण वेगळी आहे. या याद्या मोठ्या एकात्मिक कारखान्यांसाठी आहेत, आणि भारतातले पोलाद फक्त तिथे होत नाही. स्पंज आयर्नच्या, म्हणजे खनिज न वितळवता केलेल्या लोखंडाच्या, उत्पादनात भारत जगात पहिला आहे, आणि त्यातले बहुतेक कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्ट्यांत होते. ते स्पंज आयर्न आणि भंगार इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवून सळ्या ओढणारे शेकडो छोटे कारखाने आहेत. महाराष्ट्रात त्यांचे मोठे ठिकाण जालना आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत जालना आणि चंद्रपूर ही दोन्ही शहरे आहेत. या छोट्या भट्ट्यांसाठी जपानकडे किंवा युरोपकडे तयार यंत्र नाही, कारण तिथे असे कारखाने या रूपात नाहीतच. भंगार टाकताना उसळणारा धूर पकडायला सरकते झाकण, पंखा आणि कापडी पिशव्यांची गाळणी लागते, आणि ती इथेच बनते. कमतरता यंत्राची नाही, ते चालू ठेवण्याच्या कारणाची आहे. वीज वाचवायला गाळणयंत्रे रात्री बंद केली जातात, ही स्पंज आयर्नच्या पट्ट्यातल्या गावांची जुनी तक्रार आहे.

तर इथे सहकार्य हवे ते यंत्राचे नव्हे, नियम चालवण्याच्या कौशल्याचे. तसे सहकार्य शेजारच्या गुजरातेत झालेले आहे. तिथे कारखान्यांची पर्यावरण तपासणी करणारे लेखापरीक्षक खुद्द कारखान्यानेच नेमायचे आणि त्यानेच पैसे द्यायचे अशी पद्धत होती. एस्थर ड्यूफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या संशोधकांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर २००९ ते २०११ या काळात प्रयोग केला. काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठीने दिले, त्यांचा मोबदला सामायिक निधीतून दिला आणि त्यांच्या मोजणीची फेरतपासणी केली. जुन्या पद्धतीत बहुतेक आकडे चमत्कारिकपणे मर्यादेच्या किंचित खाली येत असत. नव्या पद्धतीत खरे आकडे येऊ लागले आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. त्याच धाग्यावर २०१९ मध्ये सुरतेत धुळीच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू झाला, कण-प्रदूषणासाठी जगातला पहिला. कोळसा जाळणाऱ्या तीनशेहून अधिक कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणी, आणि त्यांपैकी सुमारे निम्म्या कारखान्यांसाठी एकूण धुळीवर मर्यादा आणि परवान्यांची खरेदी-विक्री. सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन वीस ते तीस टक्के घटले. सुरतेचे कारखाने बहुतांशी कापडाचे, पण चिमणीला त्याने फरक पडत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०१७ मध्ये बाहेरच्या संशोधकांच्या मदतीने कारखान्यांच्या चिमण्यांतल्या धुळीवरून एक ते पाच तारे देण्याचा आणि ते जाहीर करण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यामुळे शेजाऱ्यांना आपल्या शेजारच्या चिमणीचा आकडा घरबसल्या पाहता येऊ लागला. तोबाताच्या बायकांना जो आकडा धूळ गोळा करून मिळवावा लागला होता, तो इथे मंडळाने स्वतःहून पुढे ठेवला.

जालन्याच्या भट्ट्यांसाठी याच्या पुढची एक पायरी चीनच्या पोलादी शहरांकडून घेता येईल, आणि तिला परदेशी कर्ज लागत नाही. तिथे चिमणीतल्या मोजमापावरच विसंबून राहत नाहीत. गाळणीच्या पंख्याला स्वतंत्र वीजमीटर बसवतात आणि त्याचा वापर भट्टीच्या वीजवापराशी ताडून बघतात. भट्टी चालू आणि पंखा बंद असेल, तर ते कोणत्याही रसायनशाळेशिवाय कळते. इंडक्शन फर्नेस विजेवरच चालते, त्यामुळे तिचा प्रत्येक तासाचा वापर वीज कंपनीच्या मीटरवर आधीच नोंदला जातो. पंख्याचा दुसरा मीटर, दोन्ही आकडे मंडळाकडे पोचवणारी तार, आणि हे दोन आकडे शेजारी शेजारी जाहीर करण्याचा आदेश, एवढेच लागेल. हे कसे उभारायचे, खोटे आकडे कसे ओळखायचे, कारखानदारांशी करार कसे करायचे, हे शिकायला जालन्याच्या महानगरपालिकेने आणि मंडळाच्या विभागीय कार्यालयाने किताक्यूशूतल्या निवृत्त फोरमनांकडे आणि सुरतेच्या अधिकाऱ्यांकडे माणसे पाठवावीत. दिल्ली आणि तोक्यो यांच्यातल्या पुढच्या बैठकीत यंत्रांच्या यादीखाली अशा महानगरपालिकांची एक यादी जोडता येईल, आणि तिच्यात जालना, चंद्रपूर, रायपूर ही नावे आधी यायला हवीत.